गोकुळदासांच्या मीटरचा काटा

सकाळचा चहा झाला की डिचोलीच्या कृष्णनाथांशी हॅम रेडिओवर, म्हणजे घरच्या हौशी बिनतारी संचावर, बोलायचं, हा कोरगावच्या गोकुळदासांचा जुना नेम. कृष्णनाथ आता अंथरुणाला खिळलेले. मोबाइल उशाशी असतो, पण त्यांना त्याचा तिटकारा. "फोनार सगळे माझी तब्येतच विचारतत," ते म्हणायचे. "तू रेडिओर येऊन हवापाणी विचारतस, तां बरां वाटता."

आणि नेमका आताच गोकुळदासांचा रेडिओ रुसला होता. वाऱ्यात पडलेली अँटेना त्यांनी जरा लांबच्या माडावर चढवली, अपुरी पडलेली केबल जोडून वाढवली, आणि तेव्हापासून एसडब्ल्यूआरचा काटा दोनच्या खाली उतरेना. पाठवलेली ताकद अँटेनाकडून किती माघारी येते, ते हा काटा दाखवतो. एकाजवळ असला की निभावतं. दोनच्या वर गेला की सेट ताकद पाठवताना हात आखडता घेतो, आणि आवाज पोचत नाही.

अँटेनाची तार लांब झाली, असं ठरवून त्यांनी ती उतरवली आणि तिची टोकं छाटली. काटा ढिम्म. पुन्हा छाटली, पुन्हा दोरी ओढून वर चढवली, तर काटा तिनावर. त्यांनी मीटरला शिव्या घातल्या, माडाला घातल्या. तेवढ्यात कृष्णनाथांच्या सुनेचा, सुविधाचा फोन. "बाबा सकाळधरून कानाक हेडफोन लावून बसल्यात."

शेवटी वैतागून त्यांनी अँटेनाच सोडवली आणि केबलच्या टोकाला चाचणीचा पन्नास ओहमचा रोधक लावला. आता काटा एकावर यायला हवा होता, पण तो दोनच्या वरच. म्हणजे अँटेना बिचारी निर्दोष होती. केबल चाचपत ते जोडापर्यंत गेले. जोडलेल्या तुकड्यावर बारीक अक्षरांत पंच्याहत्तर ओहम छापलं होतं. रेडिओची केबल पन्नासची. हा तुकडा जुन्या टीव्हीच्या डिशचा, टाकायचा कशाला म्हणून त्यांनी स्वतःच जपून ठेवलेला. त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली.

केबल बदलली, पण छाटून छाटून अँटेनाची तार आता आखूड झाली होती. छाटलेले तुकडे कुठे दिसेनात.

"ते कुडके? पडवळाच्या माटवाक बांधले मी," त्यांची बायको पद्मावती म्हणाली. "तुमीच खळ्यात टाकलेले."

चरफडत त्यांनी मांडवाच्या गाठी सोडल्या, तुकडे जोडले, अँटेना वर ओढली. काटा एकाजवळ आला. त्यांनी हाक दिली.

कृष्णनाथ रेडिओवर आले. सिग्नलचा काटा पार वर गेला होता, आवाज मात्र खोल, दोन शब्दांमागे थांबणारा. "कसो येता मी?" त्यांनी विचारलं.

गोकुळदासांच्या ओठांवर तब्येतीचा प्रश्न आला होता. तो त्यांनी गिळला.

"पाच-नऊ," ते म्हणाले, म्हणजे रेडिओच्या भाषेत आवाजाला पूर्ण गुण. "एकदम स्वच्छ. थंय वारो कसो आसा?"