जनीबाईचे दोन कॅन

शनिवार-रविवारी मोखाड्यातल्या माझ्या खानावळीत जेवढी खरकटी भांडी साठतात, तेवढेच किस्से साठतात. भांडी सोमवारी घासून होतात, किस्से तसेच राहतात. मी कोणाला नावं ठेवणारी बाई नाही. पण हे मुंबई-ठाण्याचे पाहुणे ठेवायला लावतात!

आधी जनीबाईचं सांगते. ती माझ्याकडे भाकऱ्या करते. घर सूर्यमाळला. उन्हाळ्यात तिकडे विहिरीचा तळ दिसतो, आणि यंदा तिच्या सुनेचं बाळ जेमतेम महिन्याचं. म्हणून रोज पाचच्या जीपने ती माझ्याकडून पाण्याचे दोन कॅन भरून नेते. बाळाची अंघोळ त्यातच.

तर एक साहेब आले. "चुलीवरचीच भाकरी हवी. गॅसची आम्हाला लगेच कळते!" पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बायकोला म्हणाले, "बघ, धुराचा वास!"

आत जनीबाई गॅसवरच भाकरी फुगवत होती. "ताई, त्याला अजून एक धुराची वाढा!"

एका मॅडमना शॉपिंग करायचं होतं. बाजारातली नवी सुपं त्यांना पसंत पडेनात. जनीबाई ज्यात तांदूळ पाखडत होती, ते कडा झिजलेलं सूपच हवं. "किती अँटिक आहे!" जनीबाईला नवं सूप आणून दिलं आणि जुनं छातीशी धरून नेलं.

पुढच्या शनिवारी जनीबाई पाड्यावरची चार फाटकी सुपं घेऊन हजर! "ती बाई आज येल ना?"

एक काका जव्हारचं शिरपामाळ हे ऐतिहासिक ठिकाण बघून आले, ते चिडूनच. "छत्रपती महाराज थांबले होते म्हणे तिथे! बसायला धड सावली नाही, चहा नाही, नुसता वारा!"

जनीबाईने ताटात भाकरी टाकली. "महाराजांनी काय तक्रार नव्हती केली."

आणि हा मागचा रविवार. एक तरुण जोडपं जेवलं, बाहेर गेलं. थोड्या वेळाने मी दारात येऊन बघते तर जनीबाईचे दोन्ही कॅन रिकामे आणि यांची गाडी लखलखीत!

"धुळीने फोटो खराब येतात हो, काकू," मुलगा म्हणाला. "पाणी दारातच होतं."

मागच्या टाकीच्या बारीक धारेखाली कॅन पुन्हा भरेपर्यंत जीप निघून गेली. शेवटची होती. आणि ही दोघं अजून गाडीला टेकून फोटोच काढत होती.

जनीबाईने शांतपणे विचारलं, "आता कुठं जाणार?"

"सूर्यमाळला. सनसेट बघायला!"

तिने मागचं दार उघडलं. निथळणारे दोन्ही कॅन पांढऱ्या सीटवर ठेवले, शेजारी स्वतः बसली आणि दार ओढून घेतलं.

"अहो मावशी, सीट भिजेल!"

"भिजू दे की," जनीबाई म्हणाली. "बाहेरून धुतलीस, आतून राहिलीच होती. चल!"