सासूबाईंचं सामान कुणाकडे?

टाचणी हे त्याचं खरं नाव अर्थातच नव्हतं. कुठल्याही आईबापांची पोटच्या पोरावर इतकी खुन्नस नसते. ते नाव ठेवलं गावातल्या वार्ताहर मंडळींनी, त्याच्या प्रश्नांवरून. पत्रकार परिषदेत बाकीचे उठले की आधी स्वतःचा अभ्यास सांगत, मग एका दमात तीन प्रश्न विचारत, आणि समोरचा पुढारी हॉटेलातलं मेनूकार्ड चाळावं तसा त्यातला पचायला सगळ्यात हलका प्रश्न निवडून त्याचं उत्तर देई. टाचणी उठायचा, "पूल कधी?" एवढंच म्हणायचा आणि खाली बसायचा. शरीराने मात्र तो टाचणीच्या जवळपासही नव्हता. चांगला गोलमटोल गडी. शर्टाची पोटावरची गुंडी कायम जीव मुठीत धरून असायची.

एवढं टोकदार हत्यार जवळ असूनही नगराध्यक्षांपुढे त्याची डाळ शिजत नसे. नगराध्यक्षांना सगळा गाव 'बघूसाहेब' म्हणे. उंच, गोरेपान, आवाज असा की ऐकणाऱ्याला जांभई यावी. टाचणीने "पूल कधी?" विचारलं की साहेब मान हलवत म्हणत, "प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मी तर म्हणतो, असे प्रश्न विचारले गेले पाहिजेत." नवखा होता तेव्हा टाचणी या वाक्याने विरघळून जायचा. खूश होऊन ते वाक्य उतरवूनही घ्यायचा. ऑफिसात येऊन खुर्चीत बसला की ध्यानात यायचं, की आपल्या हाती शाबासकी आली आहे आणि पूल जिथल्या तिथेच आहे.

पुढे तो सावध झाला. पण साहेबांच्या पोतडीत काय कमी होतं? त्यांचा सेक्रेटरी अडचणीचा प्रश्न येताच बिस्किटांची बशी नेमकी विचारणाऱ्याच्या नाकासमोर धरायचा. भरल्या तोंडाने उपप्रश्न कसा विचारणार? फार ताणलं तर साहेब चालायला लागत. त्यांच्या एका पावलाला टाचणीची दोन पावलं लागत, त्यामुळे गाडीपर्यंत पोचताना टाचणीकडे प्रश्न असायचा आणि श्वास नसायचा. आणि अगदी भांडून घ्यावं म्हटलं, तरी उद्या पुन्हा त्याच दारात उभं राहायचं असतं. दार आतून उघडतं, बाहेरून नाही.

यावर कडी म्हणजे बघूसाहेब टाचणीचे सख्खे साडू. थोरली बहीण त्यांच्या घरी, धाकटी याच्या घरी. दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर बोलत आणि नगरपालिकेत जे काही शिजायचं ते त्या फोनवर वाफेसकट उतरायचं. म्हणजे टाचणीला गावातली प्रत्येक बातमी घरबसल्या कळत होती. पण बायकोचा दंडक कडक होता.

"ताईने मला सांगितलंय, तुमच्या पेपरला नाही."

"अगं पण खरं आहे ना ते?"

"खरं आहे म्हणूनच सांगते. छापलंत तर उद्यापासून मला काही कळणार नाही, म्हणजे तुम्हालाही नाही."

असा हा जगातला एकमेव बातमीदार, ज्याला उत्तर आधी कळायचं आणि मग ते समोरच्याच्या तोंडून वदवून घेण्यात जन्म जायचा. साहेबांनाही हे ठाऊक होतं. परिषदेत ते त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसत, तेव्हा टाचणीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

या सगळ्यात विषय निघाला पोहण्याच्या तलावाचा, आणि तिथून सासूबाईंचा.

सासूबाई म्हणजे दोन्ही साडूंच्या एकच. सगळी हयात एस.टी. स्टँडावर तिकिटाच्या खिडकीत गेलेली. "गाडी आहे का?" "आहे." "जागा मिळेल का?" "नाही. पुढचा." यापलीकडे बोलायची त्यांना गरजच पडली नव्हती आणि सवय तर मुळीच नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लिफ्ट नाही. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम सांगितला. बाई नगरपालिकेच्या तलावावर जाऊ लागल्या आणि बघता बघता तिथल्या सकाळच्या म्हाताऱ्यांच्या तुकडीच्या सेनापती झाल्या. पाण्यात उतरलं की जिने चढता येत होते. जिने चढता येत होते तोवर स्वतःचं घर स्वतःचं होतं.

मग तलावाच्या फाटकावर पाटी लागली: 'दुरुस्तीसाठी तात्पुरता बंद.' पावसाळा गेला, दिवाळी गेली. पाटीचा रंग उडाला, तेव्हा नगरपालिकेने तत्परतेने माणूस पाठवला आणि पाटी नव्याने रंगवून घेतली. म्हाताऱ्यांची तुकडी घेऊन सासूबाई थेट नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये धडकल्या. जावयाने उठून नमस्कार केला, सगळ्यांना चहा दिला आणि प्रश्न फार महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. सासू-जावयाच्या या भेटीचं सगळ्या गावात हसं झालं.

तलावाच्या जागी गाड्यांसाठी बहुमजली पार्किंग होणार, हे दुपारच्या फोनवर कधीच ठरलं होतं. टाचणीला ठाऊक होतं, टाचणीच्या बायकोला ठाऊक होतं. सासूबाईंना मात्र दोघी मुलींनी सांगितलं नव्हतं. त्यांची तेवढी छाती नव्हती.

एका रविवारी सासूबाईंनी दोन्ही लेकी-जावयांना जेवायला बोलावलं. जेवण होईपर्यंत चकार शब्द काढला नाही. मग हात पुसत म्हणाल्या, "जावईबापू, दोघांनाही विचारते. तलाव उघडणार नसेल तर हे जिने मला फार दिवस झेपायचे नाहीत. मग मी कुणाकडे राहायचं?"

दोन्ही जावयांनी एकदमच पाण्याच्या पेल्याकडे हात नेला.

सासूबाई वाईट होत्या असं नव्हे. दोन्ही जावयांचा त्यांच्यावर जीव होता, पण तो तिसऱ्या मजल्यावर. पहाटे साडेपाचला त्यांचा रेडिओ लागायचा तो शेजाऱ्यांनाही बातम्या कळाव्यात अशा बेताने. रात्री नऊला त्या घरभर फिरून दिवे घालवायच्या, खाली कोण बसलंय हे न बघता. आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "कुठे होतात?" आणि उत्तर मिळेपर्यंत वाट बघायच्या.

बघूसाहेबांनी घसा खाकरला, तरी आवाज चिरकलाच. "आई, प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सगळ्यांना विश्वासात घेऊन, सर्व बाजूंनी विचार करून..."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि टाचणीकडे वळल्या. "तुम्ही?"

टाचणीने तोंड उघडलं. पंचवीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, साहेबांच्या नाकावर टिच्चून सरळ उत्तर देण्याचा. 'आमच्याकडे या' एवढे दोन शब्द. आणि त्याच्या कानांना त्याचाच आवाज ऐकू आला, "आई, त्याआधी मुळात अशी परिस्थिती का निर्माण झाली, याच्या मुळाशी आपण गेलं पाहिजे..."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. बघूसाहेबांचा चेहरा मात्र असा उजळला की जणू वर्गातला ढ मुलगा पहिला आला. जिने उतरताना त्यांनी टाचणीच्या खांद्यावर हात टाकला.

"साडूभाऊ, वा! इतकं गुळगुळीत मलाही जमलं नसतं. राजकारणात या."

टाचणी त्या रात्री नीट जेवला नाही, म्हणजे एकदाच वाढून घेतलं. लाज वाटत होती हे खरं, पण त्याच्या आड एक निराळाच किडा वळवळत होता. साहेबांचा आवाज! पुलावर, पाण्यावर, तलावावर बोलताना ज्यात कधी सुरकुती पडली नाही, तो आवाज आज सासूबाईंच्या प्रश्नावर चिरकला होता. बाकीच्या प्रश्नांत त्या माणसाचं काय जळत होतं? पूल झाला नाही तर पाण्यातून चालणारे दुसरेच. पण सासूबाईंचा रेडिओ उशाशी वाजणार तो त्याच्याच.

दुसऱ्या दिवशी टाचणी एकटाच तिसऱ्या मजल्यावर गेला. धापा टाकत म्हणाला, "आई, काल मी नीट उत्तर दिलं नाही."

"नाही दिलंत."

"समजा, येत्या रविवारी मी तुमच्या सामानासाठी टेम्पो सांगितला, तर?"

सासूबाईंनी रेडिओ बंद केला. मग म्हणाल्या, "सांगा."

घरी बायकोने कमरेवर हात ठेवले. "आणि भाऊजी म्हणाले, तुमच्याकडे न्या, तर?"

"तर बातमी मिळाली."

"आणि आई?"

"बघू," टाचणी म्हणाला आणि जीभ चावली.

शुक्रवारी महिन्याची पत्रकार परिषद होती. साहेबांसमोरच्या टेबलावर सगळ्यांचे मोबाईल रेकॉर्डिंग लावून ओळीने मांडलेले. तलावाचा प्रश्न तीन जणांनी तीन तऱ्हांनी विचारला, त्यातल्या एकाने जलतरणाचा इतिहासही सांगितला. साहेबांनी तिघांचंही कौतुक केलं. टाचणी उठला तसा सेक्रेटरी बिस्किटांची बशी घेऊन धावला आणि ओरडला, "शेवटचा प्रश्न!"

"साहेब," टाचणी म्हणाला, "रविवारी सकाळचा टेम्पो सांगितलाय. आईंचं सामान तुमच्याकडेच उतरवायचं ना?"

"अजिबात नाही!" बघूसाहेब उसळले. "तुमच्याकडे न्या! आमच्याकडे जागा कुठाय?"

इतकी सरळ उत्तरं, तीही एकामागून एक, सभागृहाच्या भिंतींनी कधी ऐकली नव्हती. सेक्रेटरीच्या हातातली बशी तिरकी झाली आणि एक बिस्किट घरंगळत थेट साहेबांच्या पायाशी गेलं. म्हाताऱ्यांच्या तुकडीचा किस्सा सगळ्यांना पाठ होताच. मागच्या रांगेतली रेडिओ केंद्राची वार्ताहर मुलगी ताडकन उठली.

"साहेब, तलाव उघडला तर आजी घर कशाला सोडतील?"

"अहो, तो तलाव आता कुठला उघडतोय!" साहेब अजून सामानातच अडकले होते. "तिथे पार्किंग..."

आणि मग त्यांना समोरचे मोबाईल दिसले. त्यांनी रुमाल काढला आणि घाम पुसायचा सोडून उगाचच एका मोबाईलची काच पुसली.

दुसऱ्या दिवशी टाचणीची बातमी पहिल्या पानावर आली. साहेबांनी 'विधानाचा विपर्यास' झाल्याचं पत्रक काढलं, पण एवढ्या मोबाईलांनी एकसारखा विपर्यास केलेला पाहून त्यांनाच ते खरं वाटेना. टाचणी ऑफिसात छाती फुगवून फिरला. दुपारी गुंडी तुटली. संध्याकाळी मात्र घरातली बाहेरची खोली रिकामी करताना तो रडकुंडीला आला. बातमीत त्याने स्वतःच लिहिलं होतं ना, सामान कुणाकडे जाणार ते!

रविवारी टेम्पो आला. गादी, कपाट आणि रेडिओ वर चढला. सासूबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या.

"कुठे घ्यायचं?" ड्रायव्हरने टाचणीला विचारलं.

"नगराध्यक्षांकडे," सासूबाईंनी सांगितलं. टाचणीचा चेहरा बघून खिडकीतून म्हणाल्या, "जागा नाही म्हणतात ना ते? किती नाही, ते बघून येते."

मुक्काम त्यांनी ठोकला तो साहेबांच्या बाहेरच्या खोलीत, भेटायला येणाऱ्यांच्या बाकासमोर, खुर्चीत. पहाटे साडेपाचला रेडिओ. रात्री नऊला दिवे बंद, मग आत कार्यकर्त्यांची बैठक चालू असली तरी. आणि फाटकापाशी थांबणाऱ्या वार्ताहरांचं तर नशीबच उघडलं.

"आजी, साहेब आहेत का?"

"आहेत."

"सेक्रेटरी म्हणतात दौऱ्यावर गेलेत."

"न्हाणीघरात गेलेत. मागच्या दाराने निघतील, तिकडे उभे राहा."

"पार्किंगचं काय झालं, आजी?"

"विचारते." आणि आत हाक जायची, "जावईबापू, पार्किंगचं काय?" उत्तर येईपर्यंत त्या खुर्ची दारातच लावून बसायच्या. साहेब लांब ढांगा टाकत निघून जात खरे, पण जेवायला परत याच दारातून यावं लागे. टाचणीला इतकी वर्षं जे साधलं नाही ते इथे होतं: पुढाऱ्याला निघून जायला दुसरं घर नव्हतं. थोरलीने दुपारचे फोन बंद केले. गरजच उरली नव्हती, सगळं फाटकावरच कळत होतं.

उन्हाळा लागायच्या आत तलावाची पाटी निघाली. फीत कापताना साहेब म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून तलावाच्याच बाजूने होतो." टाचणीने ते उतरवून घेतलं, आणि का कोण जाणे, त्याला साहेबांची दया आली. माणूस खरोखरच कित्येक दिवस नीट झोपलेला दिसत नव्हता. टेम्पोवाला आदल्याच दिवशी सामान तिसऱ्या मजल्यावर ठेवून आला होता, भाडं नगराध्यक्षांनी न मागता दिलं होतं.

सासूबाई काठाच्या पायऱ्यांवर टोपी घालून उभ्या होत्या, घोट्यापर्यंत पाण्यात. टाचणी वाकला. मनात गेले कितीतरी दिवस एकच गोष्ट टोचत होती.

"आई, एक विचारू? सरळ सांगाल?"

"विचारा."

"थोरल्यांकडे गेलात ते तलावासाठी? की आमच्याकडे यायचंच नव्हतं?"

सासूबाईंनी टोपी कानांवर ओढली. मान हळूच हलवली, अगदी ओळखीच्या तऱ्हेने.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "प्रश्न फार महत्त्वाचा आहे." आणि नाक चिमटीत धरून त्यांनी पाण्यात बुडी मारली.