बाबांच्या संगणकावरचे चौकोन

आमच्या घरात दोन संगणक आहेत. एक माझा लॅपटॉप, तीन वर्षांपूर्वी घेतलेला. दुसरा माझ्या सासऱ्यांचा, पेटीसारखा, पुढच्या खोलीत जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, मेजावर बसवलेला. त्याचा पडदा एकदा बदलला, माउस चारदा बदलला, प्रिंटर मात्र पहिल्यापासून तोच आहे आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्राला तो लागत नाही. या दोघांना एकमेकांच्या फाइली दिसाव्यात म्हणून मी जो उपद्व्याप केला त्याची ही हकीकत.

मी पेडण्याच्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. मुलांची माहिती सरकारी साइटवर चढवायची, साइट मध्येच बसली की पुन्हा पहिल्यापासून चढवायची, हे माझं दिवसाचं काम. संध्याकाळी पार्श्याला घरी आल्यावर पडदा नावाची वस्तू डोळ्यांसमोर नको असते. पण घरात त्यातलं कळणारी मीच. नवरा फोंड्याला कारखान्यात असतो, शनिवारी येतो, आणि टीव्हीचा रिमोट सापडला तरी त्याला पुष्कळ झालं.

सासरे, त्यांना मी बाबा म्हणते, मराठी शाळेत मास्तर होते. आता ऐंशी ओलांडली. गावच्या जत्रेला देवळापुढे दरवर्षी मराठी नाटक होतं, त्याचे ते प्रॉम्प्टर. विंगेत कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून चाळीस वर्षं त्यांनी गावाला वाक्यं पुरवली आहेत. नकलाही तेच काढतात. नक्कल म्हणजे एका नटाचं तेवढंच भाषण, आणि प्रत्येक भाषणाच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, आपली पाळी कधी ते कळावं म्हणून. संपूर्ण नाटक फक्त प्रॉम्प्टरच्या हातात असतं. निवृत्तीनंतर बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा ते हट्टाने टायपिंग शिकले, आणि तेव्हापासून सगळ्या नकला त्या जनेलाखालच्या संगणकावर होतात.

बाबा घरात पेडण्याच्या बोलीत बोलतात. रागावले की शुद्ध मराठीत जातात. ‘गे बाय’ची ‘सूनबाई’ झाली की समजायचं, काहीतरी बिनसलं.

यंदा नाट्यमंडळाचा सेक्रेटरी मोटरसायकलवरून आला आणि पायरीवरूनच म्हणाला, “वयनी, नकला मोबाइलवर धाडा. कागद कोण सांभाळीत बसता? अर्धे नट पणजीक कामाक.”

सांगायला सोपं. बाबा ज्या फॉन्टमध्ये टाइप करतात तो त्यांच्याच संगणकावर आहे. ती फाइल मोबाइलवर उघडली तर राजाच्या भाषणाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा कचरा दिसतो. म्हणजे फाइली लॅपटॉपवर आणायच्या, हल्लीच्या मराठी लिपीत बदलायच्या आणि मग धाडायच्या. पेनड्राइव्ह घेऊन रोज या खोलीतून त्या खोलीत जाण्यापेक्षा दोन्ही संगणक जोडून टाकू, असं मला वाटलं. एका रविवारचं काम, असंही वाटलं.

तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी राउटरपासून जुन्या संगणकापर्यंत केबल ओढली. लॅपटॉपला जुना संगणक दिसेना. जुन्या यंत्रांची फाइली देण्याघेण्याची पद्धत नवी यंत्रं आता धोक्याची मानतात, त्यामुळे ती मुद्दाम बंद केलेली असते. ती शोधून चालू केली. मग लॅपटॉप म्हणाला, पासवर्ड नसलेल्या संगणकात मी शिरणार नाही. म्हणून बाबांच्या संगणकाला पासवर्ड घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात पावाच्या उंड्यांना लोणी लावत होते, तर पुढच्या खोलीतून आवाज आला.

“सूनबाई! माझ्याच घरात मला दार ठोठावावं लागतंय. हा काय प्रकार आहे?”

“चार अक्षरं तर घालायची, बाबा.”

“खंयची चार?”

त्यांनीच निवडलेली होती. आदल्या संध्याकाळी. कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवून दिली, म्हणजे पासवर्ड असून नसल्यासारखा झाला.

तरी एवढ्यावर भागत नव्हतं. आमच्याकडे वीज गेली की राउटर सगळ्यांना नवे पत्ते वाटतो आणि लॅपटॉप जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतो. तेही बसवलं. शेवटी मी एक छोटा प्रोग्रॅम लावला. दोन्हीकडच्या फोल्डरांतल्या फाइलींच्या तारखा बघायच्या, जी फाइल नवी असेल ती दोन्हीकडे ठेवायची, एवढंच त्याचं काम. मला कुठे हात लावायला नको. मी सुटले असं वाटून त्या रात्री नऊलाच झोपले.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबा संगणकावर बसताना दिसेनात. सकाळी मी शाळेत निघताना ते जनेलाशी चौरेघी वही घेऊन बसलेले असत, पेन घट्ट धरून. अक्षर ओळीखाली घसरत होतं.

“संगणक काय झाला?”

“काय नाय. जरा इसव घेवंदे तो.”

मला घाई होती. नुसता विसावा घेतोय, बंद पडलेला नाही ना, मग बरं, असं म्हणून मी स्कूटर काढली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, बाबांनी शनिवारी म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलंय. एका डोळ्याचा मोतीबिंदू पूर्वीच काढला होता, दुसऱ्याचं राहिलं होतं. मी नंबर लावून ठेवला. बाबांच्या मेजावर डोळ्यांच्या थेंबांची नवी बाटली दिसली, तीही मी बघितली आणि पुसून बाजूला ठेवली. एवढं सगळं समोर होतं. दमलेल्या माणसाला समोरचं दिसतं, पण त्याची बेरीज करायला तो थांबत नाही.

गुरुवारी बाजारात सेक्रेटरी भेटला. त्याने मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही.

“वयनी, मास्तरांचा आयकून वायट वाटला हां.”

“काय ऐकून?”

“प्रॉम्प्टिंग सोडला म्हणान सांगूक इल्ले देवळाकडे. चलत. डोळे गेले म्हणतत. आता आमी कोणाक बसोवचो? दुसऱ्या कोणाक पुरा नाटक येता खंय?”

पार्श्यातल्या आमच्या घरापासून देऊळ चांगलं लांब आहे आणि वाटेत चढ आहे. मी भाजी न घेताच घरी आले.

बाबा वही मिटून बसले होते. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, नक्की काय दिसत नाही? त्यांनी वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. मग वहीकडे बघत म्हणाले, “वहीतला दिसता. जरा पुसट, पण दिसता. पडद्यावरचा दिसना. चौकोन दिसतत.”

“कसले चौकोन?”

“चौकोन गे! ओळीच्या ओळी. अक्षराच्या जागी चौकोन. सोमवारपासून.” आणि मग हळू आवाजात, शुद्ध मराठीत, “डोळे नसतील तर डोकं असेल. चौकोनांचं मी कोणाला सांगितलं नाही.”

मी उठले आणि त्यांचा संगणक चालू केला. पासवर्ड घातला. पहिल्या अंकाची फाइल उघडली. वरपासून खालपर्यंत रिकामे चौकोन, मध्ये तेवढी विरामचिन्हं.

“बाबा, मलाही चौकोनच दिसतात.”

ते जागचे उठले. “तुका पण? खरां सांग.”

“ह्या बघा. हा एक, हा दुसरा. सगळे चौकोन.”

कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तेव्हा मला सगळं कळलं. जुन्या संगणकाच्या आतली बारीक बॅटरी कधीच संपलेली होती. वीज गेली की तो आपली तारीख विसरून जन्माच्या वर्षावर जाऊन उभा राहत होता. बाबा आज टाइप करत होते, पण त्यांच्या फाइलीवर वीस वर्षांपूर्वीची तारीख पडत होती. मी लॅपटॉपवर त्याच नावाने बदललेली फाइल साहजिकच नवी ठरत होती. माझ्या प्रोग्रॅमने सांगितलेलं काम चोख केलं. माझ्या फाइली नेऊन बाबांच्या फाइलींवर ठेवल्या. मोबाइलला समजणारं मराठी त्या संगणकावर कोणी कधी बसवलेलंच नव्हतं, म्हणून चौकोन.

मी हे त्यांना जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. माझी चूक आहे, हेही सांगितलं.

“म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत.”

“या बाबतीत, होय.”

“आणि मी चार दिवस त्यात औषध ओततोय! देवळापर्यंत चालत जाऊन, सगळ्यांसमोर, मान खाली घालून सांगून आलो! सूनबाई, तुम्ही शाळेत मुलांच्या दाखल्यांचंही असंच करता काय?”

तुम्ही म्हटलं म्हणजे फारच झालं होतं. मी ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं. सुदैवाने केबलला हात लावण्याआधी मी त्यांचं सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं होतं. ते परत घातलं. पेनड्राइव्हवर घेतल्यानंतर त्यांनी टाइप केलेला एक प्रवेश गेला, तो लॅपटॉपवरच्या माझ्या फाइलीतून बघून पुन्हा करावा लागणार होता.

“पहिलो अंक काड,” बाबा म्हणाले. राग उतरला होता. कदेल पुढे ओढून, पाठ ताठ करून बसले.

मी फाइल उघडली. अक्षरं आली. बाबांनी घसा साफ केला आणि राजाचं पहिलं भाषण मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तरुणपणी या नाटकात राजा त्यांनीच केला होता. कुठेही अडखळणं नाही, श्वास कुठे घ्यायचा तेही बरोबर. मी बाजूला उभी राहून ऐकत होते आणि सहज पडद्याकडे बघितलं. घाईत मी दुसरा अंक उघडला होता. पानावर राजा नव्हताच. वर ठळक अक्षरांत ‘दासी’ लिहिलेलं होतं आणि खाली पूजेच्या ताटाचं बोलणं होतं.

बाबा पानभर वाचून थांबले. “बघ. एक काना चुकलो नाय.”

चौकोन माझे होते. हे न दिसणं माझ्यामुळे नव्हतं.

मी माउस हातात घेतला. फाइल बंद केली, पहिला अंक उघडला आणि अक्षर मोठं करत गेले. अठरा, चोवीस, अठ्ठावीस. अठ्ठावीसला त्यांची मान पडद्यापासून जरा मागे गेली. तिथे थांबले.

“इतक्या मोठ्या कित्याक? मी काय पयलीतलो पोर?”

“विंगेत उजेड कमी असतो,” मी म्हटलं. “आणि शनिवारचं डॉक्टरचं तसंच राहू दे. नंबर लावलाय.”

“डोळे बरे आहेत माझे. आत्ताच ठरलं ना?”

“तरी जाऊ.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. वाद घातला नाही. वाद घातला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

शनिवारी डॉक्टर म्हणाले, दुसरा मोतीबिंदू पिकलाय, लवकर काढा. बाबा म्हणाले, जत्रेनंतर. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, जत्रेनंतर. नवऱ्याने गाडीत विचारलं, आधी का नको, तर बाबांनी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं.

तो प्रोग्रॅम मी काढून टाकला. आता बाबांचं फोल्डर लॅपटॉपवरून फक्त वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. मला नवीन फाइल हवी असेल तर मी ती रोज हाताने उचलून आणते, दुसऱ्या नावाने ठेवते, बदलते, धाडते. वेळ जातो. घड्याळाची बॅटरी बदलली, बटणाएवढी, पेडण्याच्या बाजारात सहज मिळाली. ती पाच मिनिटांची गोष्ट मी काही वर्षांपूर्वी करायला हवी होती.

प्रॉम्प्टिंगची प्रत अठ्ठावीसच्या अक्षरात छापायला दोन दुपारी लागल्या. जुना प्रिंटर दर दहा पानांनी दम घ्यायला थांबतो, मग त्याच्या पाठीवर थाप मारावी लागते. पूर्वी साठ पानांत बसणारं नाटक तीनशेच्या वर गेलं. एका फाइलीत मावेना, म्हणून दर अंकाची एक अशा पुठ्ठ्याच्या तीन फाइली केल्या आणि पानांवर आकडे हाताने घातले.

सोमवारी संध्याकाळी तालमीला मी बाबांना स्कूटरवर मागे बसवून देवळाकडे नेलं, पायाशी दोन पिशव्यांत नाटक. मंडपात नट जमले होते. विंगेच्या जागी एक कदेल रिकामं ठेवलेलं होतं, त्यावर कोणी बसलेलं नव्हतं. सेक्रेटरी पुढे आला.

“मास्तर! तुमी सोडला म्हटला मां?”

“कोणी सांगितलं?” बाबा म्हणाले, आणि जाऊन कदेलावर बसले.

सेक्रेटरीने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तो एका बाजूला कलला. “ह्या काय वयनी? नाटक की मतदारयादी?” त्याने वरची फाइल उघडली. पानावर जेमतेम पंधरा ओळी. त्याने अक्षराकडे बघितलं, मग बाबांकडे बघायला मान वळवली.

“संगणक बिघडलाय सूनबाईचा,” बाबा फाइल त्याच्या हातातून घेत मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “अक्षर ल्हान जायनाच त्येचा.”

सेक्रेटरीने माझ्याकडे बघितलं.

“होय,” मी म्हटलं. “खूप खटपट केली. होत नाही.”

बाबांनी पहिलं पान उलटलं, ते गुडघ्यावर नीट टेकवलं आणि राजाला म्हणाले, “चल, सुरू कर.” मी बाकीच्या फाइली त्यांच्याजवळ ठेवल्या, रिकाम्या पिशव्यांची घडी केली आणि भाजी घ्यायला गेले.