उमरेडच्या तळ्यातला काळा दगड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर हरकरे सरांचे. उमरेडच्या विणकराच्या पोराला नागपुरात स्वतःच्या घरी ठेवून त्यांनी भूगर्भशास्त्र शिकवलं. त्यांचा विद्यार्थी म्हणवतो, त्यामुळे चमत्कार वगैरे मी कधीच मानले नाहीत... तरीही हे लिहितोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. उमरेडजवळच्या एका तळ्यात आकाशातून जळता गोळा पडल्याचं लोक सांगत होते. सरांनी विद्यापीठातल्या आपल्या विभागात शब्द टाकून धातू शोधायचं यंत्र मिळवलं आणि मला पाठवलं. उल्का सापडली तर संशोधन सहायकाची जागा माझी.

मासे धरणाऱ्या सुकदेव ढिवराच्या डोंग्यातून मी यंत्राची चकती पाण्यात फिरवत होतो. तळ्यात त्याचे शिंगाडे होते. वेल तुटला की तो कुरकुरायचा.

"लोखंडच पाहिजे तं लोहाराकडं जा नं गा, बाबू!"

एका कोपऱ्याकडे डोंगा न्यायचं मात्र तो टाळत होता. मला संशय आला. हट्टानं तिकडेच नेलं, आणि हेडफोनमध्ये घरघर वाढली! दोराला बांधलेलं लोहचुंबक सोडलं. वर आला नारळाएवढा काळा दगड. दोघांनी ओढूनही चुंबक सुटेना. पहारीनं उचकटलं, तेव्हा दगडाचा टवका उडाला.

दगड पोत्यात घालून तोंडाला विणकराची गाठ मारली — बाबांनी मागावर शिकवलेली, विभागात कोणालाच न येणारी. एसटीत पोतं मांडीवर, रात्री सरांच्या घरी उशाशी.

सकाळी विभागात सगळे जमले. गाठ जशीच्या तशी. मीच सोडली. दगड तोच, टवका उडालेला. सरांनी चुंबक लावलं... चिकटेना. त्याच चुंबकानं टेबलावरच्या किल्ल्या मात्र पटकन उचलल्या.

"गाठ तर तुझीच म्हणतोस," एक प्राध्यापक हसले, "मग अस्सल माल कुठे पोचवला?"

सरांनी किल्ल्या उचलल्या आणि मला काही न विचारता ते आपल्या खोलीत निघून गेले.

तो कोपरा टाळणारा सुकदेव आठवला; मी तडक उमरेडला त्याच्याकडे गेलो.

"मले काहून पुसून राहिला गा? पोतं तं तुह्याच मांडीवर होतं नं!"

खरंच होतं. दगडाचं काय झालं, हे मला आजही सांगता येत नाही. नागपूरला परत जायचा धीर होईना. उमरेडहूनच सरांना पत्र टाकलं —

"तीर्थस्वरूप सरांस सा. न.

दगड मी बदललेला नाही. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून स्वतःहून लिहितो. सहायकाची जागा दुसऱ्याला दिलीत तरी तक्रार नाही. माझी ट्रंक अजून तुमच्या घरी आहे. ती न्यायला येऊ, की राहायला येऊ, एवढं कळवा."