तूपवाले सर

आमच्या जीवशास्त्राच्या सरांच्या पिशवीत एखाद्या दिवशी पुस्तक नसायचं. तुपाची आणि शेंगदाणा तेलाची बाटली मात्र हमखास. म्हणून सगळं कॉलेज त्यांना तूपवाले सर म्हणायचं. नाशिकच्या थंडीत दोन्ही बाटल्या उलट्या धरून ते विचारत, "कोण हललं?" तेल हलायचं, तूप ढिम्म!

पेशीच्या आवरणातलं फॉस्फोलिपिड, म्हणजे एक डोकं आणि दोन पाय असलेला स्निग्ध रेणू, त्यांनी थेट गोदावरीच्या रामकुंडावर नेऊन बसवला. "आपण आधी पाय भिजवतो. याचं सगळंच उलटं! डोकं पाण्यात हवं, पण दोन्ही पाय ठणठणीत कोरडे. पेशीच्या बाहेर पाणी, आतही पाणी. मग पाय लपवायचे कुठं? समोरच्याच्या पायांशी!"

"पाठ करू नका, व्हा," म्हणत एकदा त्यांनी अख्खा वर्ग मैदानावर आडवा केला. दोन रांगा, पायांकडे पाय, डोकी बाहेर. शिपाईमामा झारीनं दोन्हीकडच्या डोक्यांवर पाणी शिंपडत होते. मी सवयीनं चपलांपाशी निघाले. लहानपणी पडले तेव्हापासून माझा उजवा गुडघा सरळ होत नाही. त्यामुळे कवायत असो की खो-खो, चपला सांभाळायचं खातं माझ्याकडे. अस्सा राग यायचा त्या चपलांचा! पण सांगते कुणाला?

"ए, कुठं निघालीस?"

"सर, माझा पाय..."

"अगं, तोच तर हवाय! सगळ्यांचे पाय सरळ असले तर चिकटून बसतील, तुपासारखे थिजतील. एक पाय वाकडा असला की जागा राहते, आवरण हलतं राहतं. ये, मधोमध!"

मी आडवी झाले. शेजारची वैशाली किंचाळली, "सर, हिचा गुडघा टोचतोय!"

"टोचू दे! त्याच्यामुळेच पेशी जिवंत आहे!"

झालं! अर्ध्या वर्गानं गुडघे वाकवले. तेवढ्यात प्राचार्य धापा टाकत आले. "अरे देवा, विषबाधा झाली की काय?"

"नाही सर, पेशीचं आवरण आहे. मधून कुणालाही सोडत नाही. वळसा घाला," तूपवाले सर म्हणाले.

प्राचार्यांनी खरंच वळसा घातला. चपलांपाशी मी पुन्हा कधी बसले नाही.

आता मीही तोच धडा शिकवते. गेल्या आठवड्यात सर गेल्याचा फोन आला, तेव्हा माझा वर्ग मैदानावर आडवा होता.

"मॅडम, वाकडा पाय कोण होणार?" एका मुलीनं विचारलं.

मी डोळे पुसले, ओढणी खोचली आणि रांगेत मधोमध आडवी झाले.