मेथीखालचा फ्लेक्स

निमगाव केतकीच्या बाजारात एक बाई दर आठवड्याला त्याच जागी मेथी विकायला बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बसायच्या आधी ती एक भलामोठा फ्लेक्स अंथरते आणि ओल्या फडक्याने पुसून घेते. फ्लेक्सवर हात जोडलेले पुढारी, खाली ठळक अक्षरं: ‘आरोग्य विमा कार्ड शिबिर. उपचार मोफत.’ मेथीच्या जुड्या ती बरोबर पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडते.

एकदा मी सहज विचारलं, “मावशी, तुम्ही काढलं का हे कार्ड?”

“गेलतो की आमी दोघं, खुरपणीला खाडा करून. मंडप व्हता, शाली-नारळ व्हते, भाषणं झाली. कार्ड काढायचं मशीन तेवढं न्हवतं. निधी संपला म्हणं.” जुड्यांवर पाणी शिंपडत ती म्हणाली, “पुढं मालकांच्या छातीत कळ आली. बारामतीला न्हेलं, तर तितं पैलं कार्डच मागितलं. दुसरीकडं न्हेईस्तोवर गेले.”

माझं डोकंच फिरलं. लोकांची कार्डं काढायला आलेला निधी यांनी स्वतःची तोंडं छापण्यात उडवला! दिवसभर एक माणूस मशीन घेऊन बसवता आला नाही यांना, आणि फोटोंचा रंग मात्र अजून विटलेला नाही.

“मावशी, फाडून फेका हा फ्लेक्स!” मी ओरडलोच.

तिने पुढची जुडी उचलून नीट मांडली.

“फाडू कशाला, दादा? त्या शिबिरातनं आमच्या घरात आलं ते एवढंच हाय.”