अण्णांच्या गादीवरचा हॅकर

शंभर वर्षांनंतरचा कॉम्प्युटर कसा बोलेल, हे आख्ख्या लोहाऱ्यात फक्त अण्णांना ठाऊक होतं. तो उमरग्याच्या बाजारातल्या अडत्यासारखा बोलायचा. "कोण हाय? कुणाकडं काम हाय? साहेब न्हाईत, उद्या या." अण्णांनी एवढं म्हटलं की खेळातल्या आमच्या हॅकरला घाम फुटायचा.

अण्णांचं कापडाचं दुकान होतं. रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही गादीवर बसायचो आणि फासे टाकत एक गोष्ट खेळायचो. आम्ही एकेक पात्र व्हायचं, बाकीचं सगळं जग अण्णांनी चालवायचं. गोष्ट शंभर वर्षांनंतरची; जिल्ह्याचं पाणी एका कंपनीनं बोअरसकट विकत घेतलेलं, ते आम्ही सोडवून आणायचं. नकाशा काळ्या अस्तरावर शिंप्याच्या खडूनं काढलेला. मल्लू हॅकर, रफिक ड्रायव्हर आणि मी बोलबच्चन दलाल.

घोळ हॅकरचाच होता. मल्लू कंपनीच्या यंत्रणेत शिरला की तो आणि अण्णा दोघंच तासभर रंगायचे, आम्ही भजी संपवायचो. एका रविवारी रफिक चप्पल घालून उभाच राहिला. "अण्णा, माझी गाडी नुसती दाराशी उभी हाय. पुढच्या खेपेपासून मी काय येत न्हाय." आधीच मोजकी माणसं, त्यात हा उठला की खेळ मोडणार. काकू गेल्यापासून अण्णा आठवडाभर या एका दुपारची वाट बघत, हे आम्हाला माहीत होतं.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी रफिकलाच विचारलं, गाळ काढायला माणूस विहिरीत उतरतो तेव्हा वरचे काय करतात? दोर धरतात, हाका मारतात, रफिक म्हणाला. "मग मल्लूला एकट्याला का उतरवलाव आपण?"

तेव्हापासून हॅकरनं घरबसल्या आत शिरणं बंद. आम्ही त्याला कंपनीच्या पंपघरापर्यंत न्यायचं, बाहेर पहारा द्यायचा. मल्लूची एक चाल, मग आमची एक. वरून हाक गेली नाही तर आतला आंधळा. त्याच दुपारी, पहिल्याच डावात पहारेकरी धावून आले, रफिकनं गाडी थेट भिंतीत घातली आणि मल्लूला ओढून बाहेर काढलं. चप्पल कधी काढून ठेवली, त्याचं त्यालाही कळलं नाही.

अण्णांची एक खोड होती. वाद झाला की नियमांचं पुस्तक उघडायचे, चष्मा लावायचे आणि न वाचताच मिटायचे. "असंल की त्यात कायतरी," म्हणायचे. आम्ही चिडवलं तर तेच आधी हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात मुलीनं त्यांना हुबळीला नेलं. गुडघे थकले होते, एकट्यानं दुकान होईना. उमरग्याच्या स्टँडवर त्यांनी फासे रफिकच्या हातावर ठेवले. तो म्हणाला, मला नियम येत नाहीत. "नियम कुणाला येतेत? कुणाचा चेहरा पडलाय तेवढं बघत जा." एसटी निघाली तेव्हा आम्ही तिघंही रडलो, लपवण्यात काय अर्थ आहे?

पुढच्या रविवारी रफिकच्या घरी बसलो. चहाच्या वेळी अण्णांना फोन लावायचा, असं ठरवूनच बसलो होतो. पण खेळ असा रंगला की चहा निवून गेला आणि फोन राहिलाच. दुसऱ्या दिवशी ओशाळून त्यांना तसं सांगितलं. पलीकडे अण्णा बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "बरं झालं. आता मी निवांत."